जॉन हंटर : कुत्र्याची टाच, डुकराची नडगी आणि तुमचा सांधा

खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाका. टाचेच्या जरा वर, पोटरी जिथे बारीक होत जाते, तिथे चिमटीत धरून पाहा. जाड दोरीसारखं काहीतरी हाताला लागेल. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही दोरी म्हणजे अकिलीज टेंडन. मराठी पुस्तकांत टेंडनला कंडरा म्हणतात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा आहे, तरीही ती कधीकधी तुटते. बॅडमिंटन खेळताना, धावत बस पकडताना, लग्नाच्या वरातीत नाचताना. तुटलेली कंडरा जुळते का आणि जुळते तर कशी, हे ज्या डॉक्टरांनी प्रयोग करून तपासलं, त्यांची स्वतःचीच कंडरा नाचताना तुटली होती.

त्यांचं नाव जॉन हंटर. अठराव्या शतकातले लंडनचे सर्जन. तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तुम्हाला हाड कसं जुळतं, मुलांचं हाड कुठून वाढतं, प्लास्टर काढल्यावर सांधा का हलवायचा असं काही समजावलं असेल, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा माग हंटर यांच्यापर्यंत जातो. आणि त्या त्यांना कळल्या त्या मुख्यतः डुकरं, कुत्री, कोंबड्या, घोडे यांच्या सांध्यांत आणि स्नायूंत डोकं घातल्यामुळे.

शेतकऱ्याचा शेंडेफळ मुलगा

हंटर यांचा जन्म फेब्रुवारी १७२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या लाँग कॅल्डरवूड इथे झाला. दहा भावंडांतले ते सर्वांत धाकटे. शाळेत त्यांचं मन कधी रमलं नाही. मुंग्या काय करतात, पानं रंग का बदलतात, असल्या गोष्टींत जास्त. विसाव्या वर्षापर्यंत हातात कुठलंच काम धड नव्हतं. थोरला भाऊ विल्यम तोवर लंडनमध्ये नावाजलेला डॉक्टर झाला होता आणि शरीररचना शिकवण्याचा त्याचा खासगी वर्ग होता. १७४८ मध्ये जॉन तिथे मदतनीस म्हणून गेले.

विल्यम यांचंही एक काम इथे सांगायला हवं, कारण सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाचा त्याच्याशी संबंध आहे. १७४३ मध्ये त्यांनी सांध्यातल्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरावर, एक निबंध लिहिला. आपण बोलताना जिला गुडघ्याची गादी म्हणतो आणि जी झिजल्याचं ऐकून घाबरतो, ती बहुतेक वेळा हीच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा ती नष्ट झाली की मूळ स्वरूपात परत येत नाही. विल्यम यांचा निष्कर्षही साधारण हाच होता. पावणेतीनशे वर्षांनंतरही त्यात फारसा बदल झालेला नाही. गादी परत वाढवून देतो असं सांगणारी जाहिरात दिसली तर हे जरूर आठवा.

धाकट्या भावाने त्या वर्गात सुमारे बारा वर्षं काढली. हिवाळ्यात माणसांच्या मृतदेहांचं विच्छेदन चाले, कारण थंडीत ते टिकत. जॉन यांचा हात विलक्षण होता. वाचनाचा त्यांना कंटाळा होता आणि पुस्तकात लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट मान्य करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्या मते त्या काळात हा दुर्गुण नव्हताच. गेलन या रोमन काळातल्या वैद्याने माकडं, डुकरं, शेळ्या कापून शरीररचना लिहिली आणि ती माणसाचीच आहे असं समजून युरोपने ती हजारावर वर्षं पाठ केली. त्यातल्या चुका वेसेलियस यांनी १५४३ मध्ये दाखवल्या. जनावर कापणं ही चूक नव्हती. जनावराचं माणसाला ताडून न पाहता लावणं, ही चूक होती. हंटर यांनी दोन्ही कापले, आणि शेजारी ठेवून पाहिले.

बैलाचा गुडघा कुठे असतो?

शेजारी ठेवून पाहण्यातून काय मिळतं, हे तुम्हीही करून पाहू शकता. रस्त्यात बैल किंवा गाय उभी असेल तर तिचा मागचा पाय बघा. मधला सांधा आपल्या गुडघ्याच्या उलट दिशेने वाकलेला दिसतो. पुष्कळांना वाटतं, जनावराचा गुडघा उलटा असतो. तो गुडघा नाहीच. तो घोटा आहे, आणि मागे टोकदार दिसतं ते टाचेचं हाड. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते मनगट. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, मधल्या बोटावर, आणि त्याचा खूर म्हणजे त्या बोटाचं नख. गाय दोन बोटांवर, म्हणून तिचा खूर दुभंगलेला. कुत्रा चवड्यावर चालतो, टाच कायम उचललेली.

म्हणजे नकाशा एकच, मोजमापं वेगळी. कुत्र्याच्या त्या उचललेल्या टाचेला मागून येऊन चिकटणारी कंडरा हीच त्याची अकिलीज टेंडन. तुम्ही चवड्यांवर उभे राहता तेव्हा ती जे काम करते, तेच काम ती कुत्र्यात दिवसभर करते. हंटर यांना प्रयोगासाठी कुत्रा का सोयीचा वाटला असेल, ते इथे लक्षात येतं.

फरक मात्र विसरून चालत नाही. घोडा, गाय, कुत्रा यांना आपल्यासारखं खांद्यापर्यंत पोचणारं गळपट्टीचं हाड नसतं. त्यांचा पुढचा पाय धडाला हाडाने नव्हे, तर फक्त स्नायूंनी जोडलेला असतो. छाती त्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते म्हणा ना. उडी मारून उतरताना बसणारा धक्का ते स्नायू झेलतात. आपल्याला तसं नको होतं. आपल्याला हात वर करून फांदी धरायची होती, म्हणून आपला खांदा सर्व बाजूंना फिरतो आणि त्याची किंमत म्हणून सहज निखळतो. घोड्याच्या मागच्या गुडघ्यात वाटी अडकवून ठेवायची सोय असते, त्यामुळे स्नायूंना फारसे कष्ट न देता तो उभ्याउभ्या डुलकी काढतो. तासन्तास उभं राहण्याची नोकरी असणाऱ्यांना याचा हेवा वाटावा.

युद्धावर, आणि परत

सततच्या विच्छेदनाने तब्येत बिघडली, तेव्हा हंटर सैन्यात सर्जन झाले. १७६१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावरच्या मोहिमेत आणि नंतर पोर्तुगालमध्ये त्यांनी गोळ्या लागलेले सैनिक पाहिले. त्या काळचा नियम असा की गोळीची जखम सुरीने मोठी करायची आणि आत बोट घालून गोळी शोधायची. बेल-ईलवर काही जखमी सैनिक दिवसचे दिवस लपून राहिले आणि त्यांच्यावर कसलाच उपचार झाला नाही. ते सापडले तेव्हा हंटर यांना दिसलं की कापाकापी झालेल्या सैनिकांच्या तुलनेत त्यांच्या जखमा मुळीच वाईट नव्हत्या. गरज नसताना जखम उघडू नये, हे मत त्यांनी तिथून आणलं आणि आयुष्यभर सोडलं नाही.

लंडनला परतल्यावर पैसे नव्हते. दातांचं काम केलं, मग हळूहळू सर्जरी जमली. १७६८ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून निवड झाली. शहराबाहेर अर्ल्स कोर्ट इथे त्यांनी घर बांधलं आणि तिथे जनावरांचा बाजार भरवला. मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, कोंबड्या, घोडे, शिवाय बिबट्यासारखे पाहुणेही. कोंबड्याच्या पायाची नखी कापून त्याच्याच तुऱ्यावर रोवली तर ती तिथे जगते आणि वाढते, हे त्यांनी दाखवलं. मिळालेला पैसा बहुतेक सगळा या प्राण्यांवर आणि जमवलेल्या नमुन्यांवर गेला. १७७१ मध्ये ॲन होम यांच्याशी लग्न झालं. त्या कवयित्री होत्या आणि त्यांच्या गीतांना संगीतकार हायडन यांनी चाली दिल्या. त्यांच्या घरी पाहुणे समोरच्या दाराने येत आणि मृतदेह मागच्या.

कंडरा तुटली तो दिवस

१७६७ च्या सुमारास, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हंटर नाचत असताना चवड्यांवर उतरले आणि टाचेच्या वरची कंडरा तुटली. असं झालं की मागून कोणी तरी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी कधी फटकन आवाज येतो आणि मागे वळून पाहिलं तर कोणीच नसतं. हे वर्णन आजही आम्ही रुग्णांकडून ऐकतो. नंतर चालता येतं, पण त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही.

हंटर यांनी अंथरूण धरलं नाही. टाच उंच ठेवली, पोटरीचे स्नायू वर ओढले जाऊ नयेत म्हणून त्यांना पट्टा गुंडाळला आणि हिंडत राहिले. कंडरा जुळली. पण आत काय झालं? स्वतःचा पाय उघडून पाहणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी काही कुत्र्यांवर प्रयोग केला. यातली युक्ती नीट समजून घ्या, कारण सगळं महत्त्व तिच्यातच आहे. कातडी सरळ वर उघडून कंडरा कापली असती, तर ती उघडी जखम झाली असती, आणि त्या काळात उघडी जखम म्हणजे जवळजवळ नक्की पू. हंटर यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची बारीक सुई कंडरेपासून जरा दूर कातडीत घातली, कातडीखालून सरकवत नेली आणि तिच्या धारेने कंडरा कापली. वरचं भोक लगेच मिटलं. कातडी शाबूत, आतली कंडरा तुटलेली. अगदी त्यांच्या स्वतःच्या पायासारखी. मग वेगवेगळ्या दिवशी एकेक कुत्रा मारून त्यांनी आत पाहिलं.

दिसलं ते असं : तुटलेल्या दोन टोकांमध्ये आधी रक्त साकळतं, मग तिथे मऊ ऊती तयार होते, ती हळूहळू घट्ट होत जाते आणि दोन टोकांना सांधते. बंद जखमेतलं हाड जुळतं, तशीच ही गोष्ट. कातडी न फाटलेली इजा आणि कातडी फाटलेली इजा या दोन वेगळ्या जाती आहेत, हे त्यांनी यातून मांडलं. आजही फ्रॅक्चरच्या कागदावर बंद की उघडं ही नोंद पहिल्या ओळीत असते.

त्या कुत्र्यांना भूल दिलेली नव्हती. भूल देणारं ईथर १८४६ पर्यंत माणसांच्या शस्त्रक्रियेतही आलेलं नव्हतं. हे वाचून तुम्हाला त्रास होत असेल तर तो योग्यच आहे. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाही. हंटर यांचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकावी असं मला वाटत नाही.

आता तुमच्यापुरतं. हंटर यांच्यासारखं स्वतःच पट्टा बांधून हिंडू नका. कंडरा तुटल्याची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण टोकं एकमेकांपासून लांब जाऊन तशीच जुळली तर कंडरा लांब होते आणि पायाचा जोर कमी पडतो. उपचार दोन प्रकारचे आहेत : शस्त्रक्रिया करून टोकं शिवणं, किंवा शस्त्रक्रियेशिवाय पाऊल खाली झुकवून प्लास्टर किंवा टाच उंच असलेला खास बूट. तुमचं वय, काम, मधुमेह, इजा होऊन गेलेले दिवस हे सगळं पाहून निवड होते. दुसऱ्या प्रकारात काय करतात? टाच उंच ठेवून टोकं जवळ आणतात आणि शरीराला काम करू देतात. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स आणि स्टेरॉइड यांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर. ही औषधं चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर अंगावर काढू नका.

तांबडी हाडं

१७३६ मध्ये बेल्चियर नावाच्या लंडनच्या सर्जनला कापड छापणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवताना डुकराच्या मांसातली हाडं तांबडी दिसली. डुकरांना मॅडर या रंगाच्या वनस्पतीचा चोथा खायला घातला होता. आपल्याकडच्या मंजिष्ठेच्या कुळातलीच ही वनस्पती. तिचा रंग त्या वेळी नव्याने साठणाऱ्या चुन्याला धरतो, जुन्याला फारसा नाही. म्हणजे हाडावर तारीख टाकायचा शिक्काच हाती आला. फ्रान्समध्ये द्युआमेल यांनी त्यावर काम केलं आणि हंटर यांनी ते डुकरांवर पुढे नेलं. डुकराला काही काळ मॅडर घातलं, मग बंद केलं, मग हाड आडवं कापून पाहिलं. बाहेरून नवे थर चढत होते आणि त्याच वेळी आतून जुनं हाड नाहीसं होत होतं. हाड नुसतं वाढत नाही, ते सतत मोडून पुन्हा बांधलं जातं. मोडण्याचं काम लसिकावाहिन्या करतात असं हंटर यांना वाटलं, ते चुकीचं ठरलं. त्यासाठी वेगळ्या पेशी असतात, हे पुढच्या शतकात कळलं. पण मोडणं आणि बांधणं दोन्ही एकाच वेळी चालतं, हा मूळ विचार टिकला. वयानुसार मोडणं जास्त आणि बांधणं कमी झालं की त्याला आपण ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. आईला वर्षातून एकदा किंवा आठवड्याला जे हाडाचं औषध दिलं जातं, ते बहुधा मोडण्याचा वेग कमी करणारं असतं.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो, कारण तो इतका साधा आहे. हाड लांबीने कुठून वाढतं? सगळीकडून, रबर ताणल्यासारखं, की फक्त टोकांकडून? हंटर यांनी एका पिल्लू डुकराच्या नडगीत वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक भोक पाडून त्यात शिशाचा छर्रा बसवला. दोन छर्ऱ्यांमधलं अंतर मोजलं : दोन इंच. डुक्कर पूर्ण वाढल्यावर हाड काढून पुन्हा मोजलं. हाड कितीतरी लांब झालं होतं. छर्ऱ्यांमधलं अंतर दोन इंचच होतं.

म्हणजे लांबी वाढते ती टोकांशी, सांध्यांजवळ. तिथे मुलांमध्ये कूर्चेची एक पट्टी असते, तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. मुलगा झाडावरून पडला आणि मनगट किंवा घोटा सुजला, तर नुसता मुरगळला असेल म्हणून मालिश करत बसू नये, त्याचं कारण हे. ग्रोथ प्लेटची इजा एक्स-रेमध्येही कधी कधी चटकन दिसत नाही. ती नीट बसवली नाही तर हाड आखूड राहू शकतं किंवा वाकडं वाढू शकतं. वयात आल्यावर ही पट्टी हाडात बदलते आणि उंची थांबते. त्यानंतर उंची वाढवणारी कुठलीही पावडर काम करत नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नसते.

स्नायू आणि इच्छा

१७७६ ते १७८२ या काळात हंटर यांनी रॉयल सोसायटीत स्नायूंच्या हालचालीवर व्याख्यानं दिली. बोलण्यात ते वाईट होते. कागदावरून वाचत, अडखळत. वर्गापुढे उभं राहण्याआधी अफूच्या अर्काचे थेंब घेत असंही त्यांच्या मेहुण्याने लिहून ठेवलं आहे. पण समोर बसणाऱ्यांत एडवर्ड जेन्नर यांच्यासारखे विद्यार्थी घडले, ज्यांनी पुढे देवीची लस दिली. जेन्नर काही तर्क लढवू लागले की हंटर त्यांना कळवत, विचार कसला करतोस, करून बघ.

सांध्यांबद्दल त्यांची शिकवण अशी होती की सांधा सुजलेला, तापलेला असेल तेव्हा त्याला विश्रांती द्यावी. त्या वेळी जबरदस्तीने हलवला तर तो जास्त आखडतो. सूज गेली की मात्र थोडी थोडी हालचाल वारंवार करावी. आणि दुसऱ्याने पाय धरून वाकवणं पुरेसं नाही. रुग्णाने स्वतःच्या इच्छेने स्नायू आवळला पाहिजे, तेव्हाच त्याची ताकद परत येते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट तुम्हाला मांडी आवळा, पाच मोजा, सोडा असं सांगतात तेव्हा नेमकं हेच करून घेतात. मशीन लावून झोपून राहणं हा त्याला पर्याय नाही.

मांडीच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या मधून रक्तवाहिनी जाते, त्या बोगद्याला आजही हंटरचा कॅनाल म्हणतात. डिसेंबर १७८५ मध्ये त्यांनी एका घोडागाडी हाकणाऱ्याच्या गुडघ्यामागचा रक्तवाहिनीचा फुगा बरा करण्यासाठी तिथे धमनी बांधली. तोवर असा पाय बहुधा कापला जाई. तो माणूस काही आठवड्यांत चालत घरी गेला. आडवाटांनी रक्त पायापर्यंत पोचेल, हा हंटर यांचा अंदाज खरा ठरला. हल्ली गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी करायला याच बोगद्यात भूलतज्ज्ञ इंजेक्शन देतात.

राक्षसाचा सांगाडा

१७८३ मध्ये आयर्लंडचा चार्ल्स बर्न वारला. उंची साडेसात फुटांच्या आसपास. हंटर आपल्या देहावर टपून आहेत हे त्याला माहीत होतं, म्हणून आपल्याला समुद्रात बुडवा असं त्याने मित्रांना सांगून ठेवलं. हंटर यांनी पैसे चारून देह मिळवला आणि सांगाडा मांडला. दोनशेहून अधिक वर्षं लोक तो पाहत राहिले. २०२३ मध्ये लंडनचं हंटेरियन म्युझियम नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हा तो सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. हा निर्णय उशिरा झाला, पण झाला. आज आपण प्रत्येक ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही घेतो. बर्नने तर स्पष्ट नकार दिला होता.

जनावरांच्या डॉक्टरांसाठी स्वतंत्र कॉलेज हवं या खटपटीतही हंटर होते. १७९१ मध्ये लंडनमध्ये ते सुरू झालं. त्याचे पहिले प्राध्यापक सेनबेल यांनी एक्लिप्स या प्रसिद्ध शर्यतीच्या घोड्याचं १७८९ मध्ये विच्छेदन करून त्याच्या हाडांची मोजमापं घेतली होती, एवढा वेगवान घोडा कसा बांधलेला असतो ते पाहायला. त्या पहिल्या पिढीतले पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीची घोडेपैदास सांभाळायला बिहारमध्ये पुसा इथे आले.

१७७३ पासून हंटर यांना छातीत कळा येत. संतापले की हमखास. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात आहे, हे त्यांनाच ठाऊक होतं. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेसच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला, ते शब्द गिळून शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या मिळाल्या. मागे कर्ज होतं आणि तेरा हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह. सरकारने तो १७९९ मध्ये १५,००० पौंडांना घेतला. त्याची मांडणी प्राण्यांच्या जातींनुसार नव्हती, कामानुसार होती. सुरुवातच हालचालीच्या अवयवांनी : हाडं, सांधे, स्नायू, कंडरा, निरनिराळ्या प्राण्यांतले शेजारी शेजारी. मेहुणा एव्हरार्ड होम यांनी हंटर यांची हस्तलिखितं १८२३ मध्ये जाळली. त्यातलं बरंचसं त्यांनी आधी स्वतःच्या नावावर छापलं असावं, असा संशय आहे. पुष्कळ नमुने १९४१ च्या बॉम्बवर्षावात गेले.

कातडीखालून कंडरा कापायची ती युक्ती मात्र टिकली. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये देल्पेश यांनी आणि १८३१ मध्ये जर्मनीत स्ट्रोमायर यांनी ती जन्मतः वाकडं पाऊल असलेल्यांसाठी वापरली. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांचं स्वतःचं पाऊल वाकडं होतं. ते १८३६ मध्ये स्ट्रोमायर यांच्याकडून पाय सरळ करून घेऊन परतले आणि तेच ऑपरेशन इंग्लंडमध्ये करू लागले.

तुमच्या बाळाला क्लबफूट असेल आणि पोन्सेटी पद्धतीने उपचार चालू असतील, तर दर आठवड्याला बदलणाऱ्या काही प्लास्टरांनंतर डॉक्टर बहुधा टाचेमागची कंडरा कापावी लागेल असं सांगतील. कापणार हा शब्द ऐकून घरचे हादरतात. आजी तर नकोच म्हणते. हे काम जागा बधिर करून, कातडीतल्या अगदी छोट्या छेदातून, काही मिनिटांत होतं आणि बहुतेक वेळा टाकाही घालावा लागत नाही. मग पाऊल वर झुकवून तीन आठवडे प्लास्टर राहतं. तेवढ्या दिवसांत कापलेल्या दोन टोकांमध्ये नवी कंडरा भरून येते, आधीपेक्षा लांब, आणि टाच खाली टेकते. त्यानंतरचे पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत घालायचे असतात. बाळ रडतं म्हणून ते मध्येच सोडले, तर पाऊल पुन्हा वळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.